कढीपत्त्याचं ताक

जुळे सोलापुरातल्या नर्सरीवाल्यानं कुंडीतल्या मातीत बोट खुपसलं, बाहेर काढून नाकाशी नेलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "ताई, झाडाला जेवायला रोज घालताय की ओ तुम्ही. प्यायला कायच देत नाय." मी रिक्षातून, मांडीवर कुंडी घेऊन, ओढणीनं तिला ऊन लागणार नाही असं झाकत तिथवर आले होते. कढीपत्ता. सगळी पानं टोकापासून कडेकडेनं तपकिरी झालेली, हात लावला की पापडासारखी मोडणारी. कीड असेल, काहीतरी फवारायला सांगेल, पुडी घेऊन घरी जाऊ, असा माझा हिशेब. त्यानं कुंडीच्या आतल्या काठावरचा पांढरा थर नखानं खरवडला, तळहातावर घेतला आणि मला दाखवला. "ताक घालता का?" मी म्हटलं, हो, सासूबाई घालतात, कढीपत्त्याला ताक चांगलं असतं ना. "चांगलंच असतं. मीठ घातलेलं घालता का बिनमिठाचं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. परतताना रिक्षात तोच घोळत राहिला.

आमच्या गॅलरीतल्या झाडांना कुणी बसून आखून दिलेलं नाही, पण कुणाला काय मिळणार हे ठरलेलं आहे. देवाच्या अभिषेकाचं पाणी तुळशीला, कारण ते पायदळी येता कामा नये. तांदळाचं धुवण मोगऱ्याला. चहाचा चोथा गुलाबाला. डाळ धुतलेलं पाणी जास्वंदीला. पाहुण्यानं अर्ध्यावर सोडलेल्या ग्लासातलं पाणी उष्टं, ते तुळशीला चालत नाही, मग सदाफुलीच्या नशिबी. जेवणं झाल्यावर भांड्याच्या तळाशी उरलेलं ताक कढीपत्त्याला. कोरफडीला काहीच नाही, आणि सगळ्यांत टवटवीत तीच. पाण्याच्या फिल्टरमधून जे पाणी वाया जातं, ते आई, म्हणजे सासूबाई, बादलीत धरतात आणि फरशी पुसून उरलं तर तेही कुणाच्या तरी मुळाशी जातं. साधं, कोरं, कशातच न मिसळलेलं पाणी झाडांना मिळतं ते नळ आलेल्या दिवशी, पिंप भरून वाहायला लागलं की.

सोलापूरकराला यापुढचं सांगायला नको. चार-पाच दिवसांआड नळ, तो कधी पहाटे, कधी रात्री, आणि उजनी धरण शंभर टक्के भरलं म्हणून पेढे वाटले तरी आमचा वार काही बदलत नाही. उजनी इथून शंभर किलोमीटरच्या पुढं, तिथून नळानं निघालेलं पाणी गॅलरीतल्या मोगऱ्यापर्यंत पोचायचं म्हणजे मधल्या सगळ्यांची तहान भागून पोचणार. उरलं बोअरचं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीच्या आतून पांढरी पुटं चढतात. मे महिन्यात पारा 43-44 वर जातो तेव्हा सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत कुंडीतून उडालेलं असतं, आणि पाणी उडतं तेव्हा त्यातले क्षार उडत नाहीत. ते तिथंच बसतात, दुसऱ्या दिवशीच्या क्षारांची वाट बघत.

आईंचं माहेर मंगळवेढ्याकडचं. काळी माती, ज्वारीचं रान, पाण्याची बोंब. बहात्तरच्या दुष्काळात त्या परकऱ्या पोरी होत्या. आंघोळीला बाजेवर बसायचं, खाली घमेलं ठेवायचं, घमेल्यात जमलेलं पाणी म्हशीपुढं, असं त्या सांगतात. सांगताना त्यात दुःख नसतं, उलट म्हैस ते पाणी कशी नाक वर करून नाकारायची याची नक्कल असते. अशा बाईनं वाटीभर ताक मोरीत ओतावं, हे होणे नाही. मी एकदा भांडी घासायला टाकताना डाळीचं पाणी बेसिनमध्ये सोडलं तर मागून आवाज आला, "अगं, त्या जास्वंदीनं काय घोडं मारलंय तुझं?" आम्ही जे झाडांना घालतो त्यात झाडाला काय हवंय हा विचार फार नसतो. आपल्याच्यानं काय टाकवत नाही, हा असतो. मला यात नाव ठेवण्यासारखं काही वाटत नाही. फक्त नर्सरीवाल्याचं वाक्य त्यात बसत नव्हतं.

तर ताक. कढीपत्त्याला ताक घालावं हे महाराष्ट्रात बहुतेक घरांत माहीत असतं, आणि ते अगदीच हवेतलं नाही. आमच्या सोलापूरकडची माती चुनखडीची. मातीत चुना जास्त झाला की तिच्यात लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ताक आंबट, त्यातलं आम्ल मुळांच्या आसपास थोडा वेळ का होईना ती कोंडी फोडतं, आणि ताकातले जिवाणू व थोडंफार नत्र मातीला मिळतं. पण चुना हा चिवट गडी आहे. वाटीभर ताकाचं आम्ल तो बघता बघता गिळून टाकतो. म्हणजे ताकाचा उपयोग आहे, पण आईंना वाटतो तेवढा नाही, आणि इंटरनेटवरच्या मंडळींना वाटतो तेवढा तर मुळीच नाही. शिवाय आमच्या झाडाची पानं पिवळी नव्हतीच. कडेनं करपली होती. ही दोन दुखणी वेगळी. शिरा हिरव्या ठेवून येणारा पिवळेपणा म्हणजे लोह कमी. टोकाकडून आत सरकत येणारी कोरडी तपकिरी कड म्हणजे बहुतेकदा मीठ जास्त.

हिशेब करून बघितला. लिटरभर ताकात आई चमचाभर मीठ घालतात, म्हणजे पाच-सहा ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे आमचा कढीपत्ता रोज समुद्राच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकं खारट काहीतरी पीत होता, वर जिऱ्याची पूड आणि कोथिंबिरीची काडी. आणि ते मीठ कुठं जाणार? पान उन्हात पाणी सोडतं, मीठ मातीत राहतं, रोजचं रोज साठत जातं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं, साखर घातली तरी सुटतं. मुळांचंही तेच होतं. बाहेरच्या मातीत विरघळलेलं काही जास्त झालं की पाणी मुळात शिरायचं सोडून मुळातून बाहेर ओढलं जातं. माती ओली असते आणि झाड तहानेनं मरत असतं. नर्सरीवाल्याला हेच म्हणायचं होतं, मला ते कळायला कॅल्क्युलेटर लागला.

मग मला साखर पेठेतला आमचा जुना वाडा आठवला. शेजारी माग होता. खटखट दिवसभर चालायची, ती थांबली की उलट झोप उडायची. तिथल्या मावशी घरात तेलुगू बोलायच्या, आमच्याशी मराठी, आणि भांडताना दोन्ही एकदम. सुताला पिठाची खळ द्यायचं काम अंगणात चालायचं. मोठ्या पातेल्यात शिजलेली खळ, तिच्यावर दुधासारखी साय धरलेली, आणि एक आंबूस, ऊबदार वास, जो मला आजही नवीन चादरीची घडी मोडताना आल्यासारखा वाटतो. उरलेली खळ जायची शेवग्याच्या बुंध्याशी. तो शेवगा वाड्याच्या छपराच्या वर गेलेला होता, शेंगांनी लगडायचा, आणि सगळी गल्ली म्हणायची, खळीचा शेवगा आहे तो, वाढणारच. आता वाटतं, ते श्रेय खळीला फुकटच मिळालं. पिठूळ काही मातीत पडलं की ते खायला सूक्ष्मजीव तुटून पडतात आणि त्या धावपळीत मातीतलं नत्रही आधी तेच उचलतात. झाडाच्या वाट्याला काही दिवस उपासच. वरून पापुद्रा धरतो, पाणी आत मुरत नाही, उंदीर येतात ते वेगळं. पण शेवग्याची मुळं अंगणाखालून थेट न्हाणीच्या पाण्यापर्यंत गेलेली असणार. कुंडीतल्या झाडाला ही सोय नाही. आपण देऊ ते आणि तेवढंच त्याचं जग, हा कुंडीचा खरा जाच आहे, आणि मोकळ्या जमिनीवर चाललेले आजीचे नुस्खे कुंडीत फसतात ते यामुळंच.

झाड नेमकं कशावर वाढतं, हा प्रश्न आपल्याआधी पुष्कळांना पडला. व्हान हेल्मोंट नावाच्या बेल्जियमकडच्या माणसानं 200 पौंड कोरडी माती मोजून कुंडीत भरली, पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड 169 पौंडांवर गेलं, माती घटली दोन औंस. तो म्हणाला, बघा, झाड म्हणजे पाणीच. त्याच्या मृत्यूनंतर 1648 साली हे छापून आलं. मग 1699 साली जॉन वुडवर्ड या इंग्रजानं पुदिना घेतला आणि तो वेगवेगळ्या पाण्यांवर ठेवला: पावसाचं पाणी, थेम्स नदीचं पाणी, बागेतली माती कालवलेलं पाणी. पुदिना पावसाच्या शुद्ध पाण्यापेक्षा थेम्सच्या गढूळ पाण्यात जास्त वाढला, आणि माती कालवलेल्या पाण्यात त्याहूनही जास्त. त्यानं निष्कर्ष काढला, झाड म्हणजे पाणी नव्हे, माती. दोघांचंही अर्धं बरोबर, आणि हवेतून झाड काय उचलतं हे दोघांच्याही गावी नव्हतं. पण वुडवर्डचा पुदिना मला आवडतो. माणसानं झाडाला निरनिराळं काही पाजून, तराजू घेऊन बसणं ही हौस किमान सव्वातीनशे वर्षं जुनी आहे.

आपल्याकडं तर त्याहून जुनी. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात झाडांसाठी कुणपजल सांगितलंय: मांस, चरबी वगैरे शिजवून, आंबवून केलेलं खत-पाणी. त्याचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होतं, तिथून ते आणून 1996 साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला, आणि आता गच्चीवर बाग करणारे लोक त्याच्या शाकाहारी आवृत्त्या करतात. वास शाकाहारी होत नाही, एवढं शेजारधर्म म्हणून सांगते. संस्कृत कवींच्या बकुळीला फुलायला सुंदर स्त्रीच्या तोंडातल्या मद्याची चूळ लागते. हे मी आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आणि चूळ कुणी झाडायची? खाली पाटील राहतात." आणि एका सुभाषितात कडुलिंबाला मुळापासून दूध-तूप घातलं तरी तो गोड होत नाही असं म्हटलंय. सुभाषितकाराला दुर्जनांबद्दल बोलायचं होतं. मला मात्र तो बिचारा लिंब दिसतो, तुपानं मुळांचा श्वास कोंडलेला. गोड होणं लांबच, तो जगला कसा याची चौकशी कुणी केलेली नाही.

मद्याचं मात्र गमतीशीर आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात नर्गिसाच्या कंदांना चार ते सहा टक्के अल्कोहोलचं पाणी देऊन बघितलं, तर झाडाची उंची तिसऱ्या हिश्श्यानं ते निम्म्यानं कमी भरली, पण फुलं नेहमीसारखीच आली. लांब दांडे कलंडायचे ते थांबले. कारण तेच, कैरीचं. पाणी ओढून घ्यायला थोडा त्रास झाला, झाड बुटकं राहिलं. प्रमाण दहा टक्क्यांच्या वर नेलं की मग विषच. आपल्याकडं कांद्यावर देशी दारू फवारल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. 2004 च्या सुमारास आंध्र आणि छत्तीसगडमधले शेतकरी पिकांवर कोला फवारत होते, कीटकनाशकापेक्षा स्वस्त पडतो म्हणून. मुळाशी ओतलेला कोला म्हणजे शंभर मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर. झाडाला ती साखर तोंडानं खाता येत नाही, ते आपली साखर पानात स्वतः बनवतं. ती जाते मुंग्यांना आणि बुरशीला. पण कोलातलं फॉस्फरिक आम्ल मात्र आमच्याकडच्या डाळिंबवाल्यांच्या ओळखीचं आहे. बोअरच्या जड पाण्यानं ठिबकचे ड्रिपर चुन्यानं चोंदतात, तेव्हा नळीतून आम्ल सोडून ती धुतात. कोलाचा भाऊबंद इथं झाडाला पाजायला नसतो, पाण्याची वाट मोकळी करायला असतो.

दुधाचीही दुसरी बाजू आहे. मुळाशी घातलेलं दूध नासतं, वर पिवळट थर येतो, चिलटं जमतात. श्रावणात आमच्या तुळशीला पंचामृताचं तीर्थ मिळायचं आणि भाद्रपदात ती मान टाकायची. दर वर्षी आई म्हणायच्या, दृष्ट लागते. तेच दूध पातळ करून पानांवर फवारलं तर भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी चढणारी बुरशी, आटोक्यात राहते. ब्राझीलमध्ये बेत्तिओल यांनी 1999 साली काकडीवर्गातल्या झुकिनीवर हे दाखवून दिलं. एकच पदार्थ, मुळाशी घातला तर त्रास आणि पानावर मारला तर औषध. शेतात घालतात त्या जीवामृताचीही कुणी नीट कृती वाचली तर दिसेल: शेण 10 किलो, गोमूत्र 5 ते 10 लिटर, गूळ 2 किलो, बेसन 2 किलो, मूठभर माती, आणि पाणी 200 लिटर. लोक शेण-गोमूत्र-गुळावर वाद घालतात. दोनशे लिटरबद्दल कुणी बोलत नाही, कारण ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांनाच तो वाद परवडतो.

नर्सरीवाल्यानं उपाय सांगितला होता तो औषधाचा नव्हताच. कुंडीच्या तीन-चार पट पाणी, साधं, वरून हळूहळू सोडायचं, खालच्या भोकातून वाहून जाऊ द्यायचं, की मीठ धुऊन जाईल. मे महिन्यात, सोलापुरात, वाहून जाऊ द्यायचं! हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. बोअरचं पाणी वापरून उपयोग नव्हता, त्यात पुन्हा क्षार. फिल्टरचं वाया जाणारं पाणी तर त्याहून वाईट, त्यात क्षार गोळा होऊनच आलेले असतात. ते फरशीलाच बरं. शेवटी लक्षात आलं की वरच्या मजल्यावरच्या काकांच्या एसीचं पाणी आमच्या गॅलरीच्या कठड्यावर दिवसभर टपकतं, आणि त्यावरून आमचे त्यांचे संबंध गेल्या उन्हाळ्यापासून जरा ताणलेलेच आहेत. ते पाणी म्हणजे हवेतली वाफ गार होऊन जमलेली, त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. आपण पिऊ नये, यंत्राच्या नळ्यांवरून आलेलं असतं. कुंडीला मात्र उत्तम. ज्या टपटपीबद्दल मी तक्रार केली होती, तिच्याखाली मी बादली लावली. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात एसी काही फार पाणी देत नाही, बादली भरायला वेळ लागे. भरली की कढीपत्ता धुवायचा. खालच्या ताटलीत आधी चहासारखं तपकिरी पाणी यायचं, मग फिकं, मग स्वच्छ. तपकिरी पाणी आई दुसऱ्या झाडाला घालायला निघाल्या तेव्हा मात्र मी आडवी आले.

ताक बंद झालं नाही. आईंनी त्यात एवढीच दुरुस्ती केली की घुसळून झालं की आधी वाटीभर बाजूला काढायचं, मग उरलेल्यात मीठ. तेही चौपट पाणी घालून, आणि आठवड्यातून एखाद्या वेळी. नैवेद्य काढून ठेवावा तसं त्या ते झाकून ठेवतात. पुढं मृग कोरडा गेला, पण नंतर दोन चांगले पाऊस झाले आणि झाडाला खालून लालसर कोंब फुटले. आई म्हणतात, बिनमिठाच्या ताकानं. मी म्हणते, मीठ धुऊन निघालं म्हणून. नर्सरीवाला फोनवर म्हणाला, "पावसाचं पाणी ओ ताई, त्याच्याफुडं काय न्हाय." वुडवर्डनं निदान बाटल्या तरी वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. आम्ही सगळं एकाच कुंडीत ओतून श्रेयासाठी भांडतोय.

वरच्या काकांना हे सगळं कळलं, कारण बादली कशाला, हे त्यांनी विचारलंच. त्यांच्याकडंही कढीपत्ता आहे, तोही कडेनं करपलेला, तोही ताकावरचा. तेव्हापासून नातवाच्या हातून एसीच्या पाण्याची बादली खाली येऊ लागली आणि आमच्याकडून ताकाची वाटी वर जाऊ लागली, मीठ न घातलेली. आता पावसाळा लागला, एसी बंद झाला, बादली यायची थांबली. वाटीची विचारणा मात्र दर शनिवारी होते, आणि आई ती पाठवतातही, परवा म्हणाल्या, "जाऊ दे गं, पुढचा उन्हाळा काही लांब नाही."